पाठवणीचा फोटो

आमचा फोटो स्टुडिओ कुंडलला. सासरे लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो सुरू केला. फोटो ते काढायचे, संगणकावरचं काम माझ्याकडे. अपडेटची सूचना पडद्यावर सारखी यायची. मी विचारलं की म्हणायचे, "चाललंय न्हवं नीट? मग कशाला हात लावायचा? मधीच अडकलं म्हंजे?" लग्नसराई होती, अल्बम द्यायचे होते. मलाही ते पटायचं.

एका सकाळी एकही फोटो उघडेना. फायलींची नावं बदललेली आणि पडद्यावर पैसे मागणारा मजकूर. साताऱ्याहून माझा भाऊ आला. तो कंपनीत संगणकांचंच बघतो. बराच वेळ तपासून म्हणाला, "ज्या फटीतून हा व्हायरस आत शिरला, ती बुजवणारं अपडेट केव्हाच आलं होतं." फोटोंची प्रत असलेली दुसरी डिस्क संगणकाला जोडूनच ठेवलेली, तीही गेली होती. पैसे भरले तरी फोटो परत मिळतील याचा भरवसा नव्हता.

ज्यांचे अल्बम राहिले होते त्यांना फोन करू का, मी विचारलं.

"फोनवर न्हाई," सासरे म्हणाले. "म्होरं जाऊन सांगायचं."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी घरोघर गेले. कुणी चिडलं, कुणी पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून दिले. एका घरी मात्र मुलीच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत वडील वारले होते. तिची आई म्हणाली, "पाठवणीला ते लय रडलं हुतं. तेवढा फोटो हाय का?"

"न्हाई, वैनी. माज्या हातनं गेला."

ती आत जाऊन चहा घेऊन आली. मग म्हणाली, "आवं, बसा तरी." चहावर साय धरली, सासऱ्यांनी कप उचलला नाही.

त्यानंतर अपडेट आलं की ते गिऱ्हाइकालाही थांबवतात. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवतात. इतकं साधं काम होतं, हे त्यांना अजून सलतं.

काही महिन्यांनी ती मुलगी माहेरी आली, तेव्हा चुलतभावाच्या मोबाइलमधला पाठवणीचा व्हिडिओ घेऊन आली. गर्दीच्या कडेला तिचे वडील, उपरण्यानं डोळे पुसताना. सासऱ्यांनी त्यातला एक क्षण थांबवून दिवसभर साफ केला. चेहरा तरीही धूसरच राहिला. तिनं तो छापील फोटो दोन्ही हातांत धरला.

"असंच पुसायचे ते," ती म्हणाली.