कट्ट्यापायी गेलेली बस

चाकणच्या कंपन्यांनी आमचं गाव ओस पाडलं, असं मी वीस वर्षं सांगत आलो. निगडीच्या पाहुण्यांना सांगितलं, पोरं नाहीत म्हणून शाळा बंद करायला आलेल्या साहेबांनाही सांगितलं. ते खोटं आहे. गाव मी ओस पाडलं, तेही पत्त्यांपायी.

मी सरपंच असताना महाळुंग्याच्या एका कंपनीनं गावातल्या मुलींना कामावर न्यायला बस पाठवायची तयारी दाखवली. अट एकच, बस वळायला जागा हवी. ती जागा म्हणजे माझ्या घरापुढचा दगडी कट्टा. आम्ही पुरुष तिथं दुपारभर रमी खेळायचो. नऊ मुली मला भेटायला आल्या. मी म्हणालो, "कट्टा मोडला तर गावानं बसायचं कुठं?"

"आमी आजवर कुठं बसलो, तात्या?" एकीनं विचारलं. "बघतो," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं आणि कंपनीला गुपचूप नाही कळवलं. गावाला आणि त्या मुलींना मात्र सांगितलं, कंपनीनंच नकार दिला.

मुली थेरगावात खोल्या घेऊन राहिल्या, तिकडंच लग्नं करून मोकळ्या झाल्या. धाकट्याही त्यांच्यामागं गेल्या. कट्ट्यावर बिनलग्नाची पोरं उरली. त्यात माझा मुलगा, वय अडतीस.

यंदा त्याचं स्थळ बघायला एक मुलगी आईला घेऊन आली. महाळुंग्याच्या त्याच कंपनीत सुपरवायझर आहे. पोह्यांची बशी हातात घेत तिनं विचारलं, "आमची बस खालच्या गावापर्यंत येते. इथं का येत नाही?"

"कंपनीनं नाकारली," मुलगा म्हणाला.

माझी बायको आतून म्हणाली, "अहो, आता तरी सांगा. का कट्ट्यालाच सून म्हणायचं?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी पोह्यातल्या शेंगदाण्यांकडे बघत खरं ते सांगून टाकलं.

मुलीनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "बस इथवर आणायचं मी कंपनीत बघते. ती वळली की माझं काय ते सांगेन."

मुलगा उठला आणि पहार घेऊन आला.

"अरे, आधी पोहे तरी खा," मुलीची आई म्हणाली.

रविवारी सगळ्या लग्नाळू पोरांनी मिळून कट्टा पाडला. इतकी एकी मी सरपंच असताना कधी पाहिली नव्हती. पुढच्या महिन्यात बस आली, ती मुलगीही त्यातच होती. मुलगा मागं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होता. तिसऱ्या खेपेलाही बस अडली.

मुलगी खाली उतरली, तिनं जागा न्याहाळली आणि म्हणाली, "अजून दोन फूट लागतील."

ते दोन फूट म्हणजे माझ्या घराचा ओटा. बायको दारातून माझ्याकडे बघत होती.

मी पहार आणायला गेलो.