एस्पोझितोंचं मूळ गाव

"हे लग्न होता कामा नये," रीटा म्हणाली. तिची मुलगी डॅनिएला आणि होणारा जावई मार्को शेजारीच बसले होते. दोघांचंही आडनाव एस्पोझितो, दोन्ही घराणी मूळची नेपल्सची. म्हणजे रक्त एकच, मुलं आजारी निपजणार, हे रीटाचं ठाम मत. हॉल बुक झाला होता आणि आई तिथे पाऊल ठेवायला तयार नव्हती. पोरगी रडून रडून अर्धी झाली होती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या एका हॉस्पिटलात मी जेनेटिक काउन्सेलर होते, म्हणजे आनुवंशिक आजारांचा धोका समजावून सांगणारी. (नावं बदलली आहेत, आडनाव सोडून. ते बदललं तर सांगण्यासारखं काही उरत नाही.) आमचं काम घराण्याची वंशावळ काढायचं. नात्यातलं लग्न असेल, तर जोडप्यामध्ये एकाऐवजी दोन रेघा मारायच्या. माझाही हात दोन रेघांकडेच वळत होता. पुण्यात वाढलेली मी. एक आडनाव, एक गाव म्हटलं की आमच्याकडे भाऊकीच! पण आमची कन्सल्टंट खमकी.

"एव्हिडन्स काय?" तिनं विचारलं.

"सेम सरनेम."

"तो एव्हिडन्स नव्हे. घरातल्या म्हाताऱ्यांना विचार."

म्हणून पुढच्या अपॉइंटमेंटला रीटा आणि डॅनिएलासोबत रीटाचे सासरे, तोमाझो, आले. बेडफर्डच्या विटांच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. मी आपला नेहमीचा मराठी प्रश्न टाकला, मूळ गाव कुठलं? नापोली, म्हणाले, म्हणजे नेपल्सच, ग्रीक लोकांचं 'नवं नगर'. मग मी आडनावाचा अर्थ विचारला. रीटानंच उत्तर दिलं, की ते एका जुन्या सरदाराचं नाव, सासऱ्यांनीच तिला तिच्या लग्नाच्या वेळी सांगितलं होतं.

म्हाताऱ्यानं नातीकडे बघितलं.

"सरदार वगैरे कोणी नव्हता, रीटा. एस्पोझितो म्हणजे बाहेर ठेवलेलं मूल."

मग हळूहळू सांगितलं. नेपल्सच्या अनाथालयाच्या भिंतीत एक फिरती लाकडी पेटी असे. आईनं तान्हं बाळ त्यात ठेवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. अशा कितीतरी मुलांना हे एकच आडनाव मिळालं. एकमेकांशी नात्याचा संबंध नाही.

"आमचं मूळ गाव म्हणजे ती भिंत. तिच्या बाहेरचं कोणालाच माहीत नाही."

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"तू चांगल्या घरातली. लग्नाला नाही म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले," रीटा म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "कदाचित म्हणालेही असते." तिनं खुर्ची सरकवून त्यांचा हात धरला. मी फाइलमध्ये डोकं घातलं.

दोन्ही घराण्यांत माहीत होतं तिथवर एकही समान पूर्वज सापडला नाही. मी एकच रेघ मारली. मग थॅलेसेमियाची तपासणी केली. हा रक्ताचा आजार त्यांच्याकडेही आढळतो आणि आपल्याकडेही. डॅनिएलात त्याचा दोष निघाला, मार्कोत नाही. गंभीर आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही दोष यावा लागतो, तेव्हा मुलांना ती भीती नव्हती. लग्न ठरल्या दिवशी झालं. पाहुण्यांना आत घ्यायला हॉलच्या दारात रीटा उभी होती, सासऱ्यांचा हात धरून.

आडनावावरून रक्त कळत नाही. त्यासाठी सुई टोचावी लागते.