केदारसाठी काढलेला जाणकारांचा ग्रुप

मंडळी, मी चालवते त्या विज्ञानाच्या ग्रुपचे आज सकाळी दोन तुकडे केले. घाटकोपरचा आमचा केदार, फिजिक्समध्ये पीएचडी, कालपासून डोकं खात होता. "यार, रोज तेच बाळबोध प्रश्न! जाणकारांचा ग्रुप वेगळा कर, नाहीतर मी निघालो."

केला. 'जाणकार' आणि 'नवखे'. म्हटलं, ज्याने त्याने आपापला निवडा.

तेवढ्यात मुलुंडच्या शिंदेकाकूंनी नवख्यांत विचारलं, "कुकरच्या शिट्टीच्या अगदी तोंडाशी वाफ दिसत नाही, जरा वर पांढरी दिसते. असं का गं?"

वाट लागली! सगळे तिकडेच घुसले. दोन प्रोफेसर भांडायला लागले. विक्रोळीच्या सावंतांनी तर मुद्दाम कुकर लावून व्हिडिओ टाकला.

जाणकारांत उरलो केदार आणि मी. त्याने एक लांबलचक रिसर्च पेपर टाकला. मी अंगठा दिला. कळलं काहीच नाही.

थोड्या वेळाने त्याचा मेसेज, "तिकडे काय चाललंय गं?"

सांगितलं.

"अगं, खरी वाफ दिसतच नाही! वर दिसतात ते पाण्याचे थेंब. मला घे ना तिकडे!"

घेतलं. आता तो काकूंना विचारतोय, कुकर किती लिटरचा?

तुम्हीच सांगा, जाणकारांचा ग्रुप ठेवू की उडवू? सध्या तिथे मी एकटीच आहे.