नागपूरला असलेला भाऊ

गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या गल्लीत अजूनही एखादी बाई भेटली की विचारते, "तुझा भाऊ नागपूरला होता ना शिकायला?" मी "हो" म्हणते आणि चालू लागते. खरं तर मला थांबून ओरडून सांगावंसं वाटतं, की बाई, तुमच्या भिंतीला लागून जी आमची मागची खोली आहे ना, तिथे होता तो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. तुम्ही पलीकडे वड्या वाळत घालत होता तेव्हा तो अलीकडे वनस्पतिशास्त्र पाठ करत होता. पण सांगून काय उपयोग! या बायकांनीच विचारून विचारून त्याला आत कोंबला होता.

माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. २००५ साली तो बारावी झाला. मार्क चांगले होते, पण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत नंबर लागला नाही. त्या वेळी आमच्याकडे हुशार पोराला दोनच गोष्टी करता यायच्या. एक तर डॉक्टर व्हायचं, नाही तर एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा डॉक्टर व्हायला बसायचं. तिसरी गोष्ट करणाऱ्याचं नाव घरात काढायचं नाही. माझा भाऊ रेडिओ खोलून जोडायचा, शेजारच्यांचे मिक्सर दुरुस्त करायचा, आणि हे काम करताना शिट्टी वाजवायचा. त्याला काय आवडतं ते त्या शिट्टीवरून बहिऱ्यालाही कळलं असतं. आमच्या बाबांना कळलं नाही.

बाबा सालेकशाकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. रोज गाडीने जाऊन-येऊन करायचे. तिथल्या पोरांना ते दिवसभर "खरं बोलावं" शिकवायचे. जुलैत विहारात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार असे. त्या वर्षी सत्कार झाला शेजारच्या पोरीचा, आणि बाबांना ते सोसलं नाही. ते उठले आणि माईकवर जाऊन म्हणाले, की माझा मुलगा नागपूरला जाऊन तयारी करणार आहे, पुढच्या वर्षी याच ठिकाणी तो तुमच्यासमोर उभा राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ माझ्या शेजारी सतरंजीचा धागा उपसत बसला होता. त्याला ही बातमी तिथेच, सगळ्यांबरोबर कळली.

तो नागपूरला गेला, हे खरं आहे. तीन महिने राहिलाही. दिवाळीला परत आला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली. क्लासवाल्यांनी सांगितलं, की एवढं बुडल्यावर परत येण्यात अर्थ नाही. कोणत्याही शहाण्या घरात यावर एकच उत्तर असतं: बरा हो, मग बघू. आमच्या घरात बाबांनी दार लोटून घेतलं आणि आम्हा तिघांना समोर बसवलं.

"इथंच अभ्यास करन तो. पण परत आला म्हणून कोणाले सांगायचं नाई. परीक्षा झाल्यावर सांगू, सुट्टीत आला म्हणून."

आई म्हणाली, "अन् कोणी पाह्यलं तर?"

"कायले पाहीन? तो बाहीर निघणारच नाई."

असं ठरलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मूर्ख निर्णय पाच मिनिटांत झाला आणि त्याला कोणी विरोध केला नाही. मीही नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला सोडलेलं नाही.

मागच्या खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. भावाच्या चपला पलंगाखाली गेल्या. अंघोळ उजाडायच्या आत. त्याचे कपडे खोलीतल्या दोरीवर वाळायचे, म्हणून त्याला हिवाळाभर दमट वास यायचा. भांडी घासायला आई अंगणात बसायची, पण चौथं ताट मोरीतच विसळायची, कारण शेजारणीला मोजायची सवय. तो खोकला की आई अंगणातून लगेच दुप्पट जोराने खोकायची. गल्लीत सगळे म्हणायचे, हिची तब्येत बरी नाही.

माझं काम वेगळं होतं. मी दहावीला होते. फाटक वाजलं की मी मोठ्याने इतिहास वाचायला लागायचं, म्हणजे आत त्याला कळायचं की कोणी तरी आलं, हलू नये. मी इतकं वाचायचे की समोरची काकू आईला म्हणाली, "आपकी लड़की तो बहुत पढ़ती है, भैया पे गई है." आई हसली. मला त्या काकूच्या अंगावर पुस्तक फेकावंसं वाटलं.

सगळ्यात वाईट रविवार. रविवारी बाबा घरी असायचे. त्यांनी नवा मोबाइल घेतला होता. सकाळी नऊच्या सुमाराला, गल्ली जागी असताना, ते अंगणात उभे राहून तो कानाला लावायचे आणि बोलायचे. "हां, बोल बेटा. जेवण बराबर आहे ना? डबा येऊन राहिला ना टायमावर? अभ्यास कसा चालू आहे?" पलीकडे कोणी नसायचं. फोन लावलेलाच नसायचा. मध्येच थांबून ते मान डोलवायचे, हसायचेसुद्धा. आणि ज्याच्याशी बोलायचं तो दहा पावलांवर, कागद लावलेल्या खिडकीमागे, ते सगळं ऐकत बसलेला. मी एकदा आत डोकावले. तो पुस्तकात बोट घालून ऐकत होता आणि बाबांच्या प्रश्नांना ओठ हलवून उत्तरं देत होता. जेवण बराबर आहे. डबा येऊन राहिला. मला बाबांचा तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. ते आता म्हातारे झालेत, माझ्या हातचं जेवतात, तरी नाही.

फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं की तो कुजबुजतच बोलतो. घरात आम्ही दोघंच, दारं बंद, शेजारी लग्नाला गेलेले, तरी कुजबुज. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल ना, कोणी नाही." त्याने तोंड उघडलं, आणि आवाज आला तोही अर्धाच. त्यालाच त्याचं आश्चर्य वाटलं. मग तो म्हणाला, "राहू दे, सवय झाली." त्या दिवसापासून मला प्रवेश परीक्षेचं काही वाटेनासं झालं. तो पास होवो की नापास होवो. माझं एकच म्हणणं होतं, की तो आधी त्या खोलीतून बाहेर पडावा.

माझी दहावीची परीक्षा संपली. एप्रिलच्या एका दुपारी मामा आले. आईचे थोरले भाऊ, सालेकशाजवळच्या गावात राहणारे, मोठ्या आवाजाचे. त्यांचा मुलगा नुकताच बारावीला बसला होता. गोंदियाच्या एका हॉटेलात कोणी तरी एजंट आला होता, पोरांना चीनला डॉक्टरकीसाठी पाठवणारा. त्याचं भाषण ऐकून मामा सरळ आमच्याकडे आले होते. फाटक वाजलं तशी मी सुट्टीतही इतिहास वाचायला लागले.

मामांनी चकचकीत कागद बाबांपुढे टाकला. "तो सांगत होता, तिकडची पोट्टी आपल्यापेक्षा जास्त घासतात. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत शाळेतच. एका परीक्षेसाठी अख्खं घर उपाशी बसल्यासारखं बसते म्हणे."

बाबा म्हणाले, "म्हणूनच तो देश पुढं गेला."

मी पाणी घेऊन उभी होते. भिंतीपलीकडे माझा भाऊ श्वास रोखून बसला होता आणि बाबा चीनचं कौतुक करत होते.

"पण मी म्हणतो, एवढ्या दूर कायले पाठवू?" मामा म्हणाले. "भाच्यासारखा नागपूरलेच ठेवतो. जूनमदी आणून सोडतो त्याच्याच खोलीवर. दोघं भाऊ भाऊ राहतीन. पत्ता देऊन ठेवा मले."

बाबांनी आधी टाळलं. परीक्षा जवळ आली, खोली लहान आहे, मालक कटकट्या आहे. मामा ऐकेनात. शेवटी बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्ता हिच्या वहीत लिहून आहे. सांग मामाजीले."

आपण खोटं बोलायचं ते बोलायचं, आणि उरलेलं पोरीच्या तोंडून वदवायचं. माझं डोकं फिरलं. मी तांब्या खाली ठेवला, मागच्या खोलीशी गेले आणि दार सताड उघडलं.

"हा घ्या पत्ता," मी म्हटलं.

भाऊ बनियनवर, हातात पेन, उजेडाने डोळे बारीक करून पाहत होता. पायांची नखं वाढलेली. रंग असा, जणू दुधात पाणी जास्त झालंय. मला वाटलं, सुटला. आता मामा बाबांना फैलावर घेतील, आई रडेल, दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलणार नाही आणि मग तो अंगणात खुर्ची टाकून बसेल.

तो उठला. बाहेर आला, मामांच्या पायांना हात लावला, आणि कित्येक महिन्यांनी मी त्याचा पूर्ण आवाज ऐकला. "सकाळच्याच गाडीनं आलो मामाजी. पुस्तकं न्यायले. संध्याकाळी वापस जाऊन राहिलो."

"झोपला होता, म्हणून सांगतलं नाई," बाबा त्याच दमात म्हणाले.

बापलेकांनी कधी एकत्र बसून चहा घेतला नव्हता, पण खोटं एका सुरात बोलले. मामांनी भाच्याला जवळ घेतलं. "केवढा सुकला रे! अभ्यास दिसून राहिला तोंडावर." आणि मग म्हणाले, "मले बी संध्याकाळी निघाचं आहे. चाल, संगच जाऊ ठेसनावर."

आता जाणं भाग होतं. आईने पिशवी भरायला घेतली. ती मी तिच्या हातातून काढून घेतली. दिखाव्यापुरते दोन शर्ट ती घालत होती. मी सगळे घातले. पँटी, टॉवेल, स्वेटर, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा. पुस्तक एकही नाही. बाबांनी पाहिलं, पण मामांसमोर काय बोलणार!

संध्याकाळी उन्हं असतानाच आम्ही निघालो. गल्लीतल्या बायका दारात आल्या, "कब आया, कब जा रहा है?" त्याने सगळ्यांना हसून उत्तरं दिली. चालताना तो रिक्षा, कुत्री, पानठेले असा पाहत होता की मला त्याच्याकडे पाहवेना. स्टेशनवर मामांनी स्वतः रांगेत उभं राहून त्याचं नागपूरचं तिकीट काढून दिलं. सालेकशाची गाडी यायला अवकाश होता, म्हणून भाच्याला बसवूनच जाणार म्हणाले. ते वडा आणायला गेले तेवढ्यात बाबा भावाच्या कानाशी लागले. "तिरोड्याले उतरजो. तिथून मिळन त्या गाडीनं वापस ये. उजाडायच्या आत घरात पाहिजे."

त्याने मान हलवली.

गाडी लागली. खिडकीशी मी गेले. बाबा दोन पावलांवर होते, तरी मी आवाज खाली केला नाही. "उतरू नको. तिकीट नागपूरचं आहे. तुझ्या त्या जुन्या रूमवाल्या मित्राकडे जा, कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात उभा राहा, काहीही कर. पण तिरोड्याला उतरू नको."

तो माझ्याकडे पाहत राहिला. गाडी हलली. मामांनी जोरात हात हलवला. मी त्याच्या पिशवीकडे पाहत होते, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की मी काही तरी धड केलं.

पहिल्या गाडीने तो आला नाही. शेवटच्याही नाही. बाबा फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिले, आई देवाचं नाव घ्यावं तसं "काऊन नाई आला, काऊन नाई आला" पुटपुटत राहिली. मी अंथरुणावर पडल्या पडल्या स्टेशनं मोजत होते. तुमसर गेलं. भंडारा गेलं. आता नागपूर. मला इतकं हलकं वाटत होतं की मी झोपून गेले.

पहाटे फाटक वाजलं. दूधवाल्याच्याही आधी. आईने दार उघडलं, तर तो. रात्रभर तिरोड्याच्या फलाटावर बसला होता. कपड्यांवर बाकाची धूळ होती, पिशवी जशीच्या तशी. बाबांनी फक्त "कोणी पाह्यलं नाई ना?" विचारलं. तो नाही म्हणाला.

मी त्याच्या आडवी उभी राहिले. "काऊन आला?"

"महिनाच तर राहिला आहे," तो कुजबुजला. माझ्याकडे न बघता तो आत गेला आणि आतून कडी घातली.

आठ वाजता घरचा फोन वाजला. बाबा अंघोळीला, आई चुलीपाशी. मी उचलला. मामा होते, नेहमीसारखे ओरडत.

"काय वं, पोचला काय भाचा बराबर?"

दाराच्या फटीतून मला भाऊ दिसत होता. तो वाचायचा थांबला होता आणि मी काय बोलते ते ऐकत होता.

"हो मामाजी," मी म्हटलं. "पोचला."