एकतिसावा भाग

माझी कादंबरी माझ्या जावेच्या भाकरीवर उभी राहिली, हे आधीच सांगून टाकते. मी थोरली, ती धाकटी. देवळाली प्रवरेजवळ आमची वस्ती, घराच्या तिन्ही अंगांनी ऊस. सकाळी मामा, म्हणजे आमचे सासरे, आणि माझे मिस्टर रानात गेले की ती परातीत पीठ घ्यायची आणि मला म्हणायची, "अक्का, तुमी बसा लिवायला. ह्ये माझं मी बघते." आणि मी बसायचे की! एकदासुद्धा तोंडातून निघालं नाही की अगं, आज तू बस, मी थापते.

ती खर्ड्याकडची, कोरडवाहू मुलखातली. लग्नाला चार वर्षं झाली आणि माझा दीर गेला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. मूलबाळ नव्हतं. तिचा भाऊ तिला न्यायला आला होता, पण तीच म्हणाली, मी इथंच राहते. सासूबाई त्याआधीच वारलेल्या. म्हणजे घरात बायका आम्ही दोघीच.

मी बी.ए. केलेली, तेही मराठी घेऊन, याचा मला भारी तोरा. मोबाईलवर गोष्टींचं एक अ‍ॅप आहे, त्यावर मी प्रेमकथा लिहायला लागले. आठवड्याला एक भाग. नायिका कोण? तरुण विधवा. उसाच्या गावातली, खाली मान घालून जगणारी. तिच्या आयुष्यात एकजण येतो, ती हळूहळू मान वर करायला शिकते, आणि ती बदलते तसं घर बदलतं, गाव बदलतं, असा सगळा थाट. आता तुम्ही म्हणाल, नायिका सुचायला लांब जावं लागलं नाही वाटतं? नाहीच लागलं. चुलीपर्यंतसुद्धा नाही.

प्रत्येक भाग आधी मी तिला वाचून दाखवायचे. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि चुका काढायची. नायिका उशीत तोंड खुपसून रडते असं मी लिहिलं, तर म्हणाली, "न्हाई हो अक्का. ती भांडी घासायला घ्यील. घासताना रडलेलं कुनाला कळत न्हाई." मी मुकाट्यानं बदललं. नायक मी आधी कृषी अधिकारी केला होता, जीपमधून उतरणारा, गॉगलवाला. ती इतकी हसली की पिठाचा हात तोंडाला लागला. "सायेब कशाला मधीच? त्यो कुठं उतरतोय चिखलात! रोपंवाला करा त्याला. उसाची रोपं घिऊन येनारा." मला पटलं. नवव्या भागात साहेबाची बदली केली आणि रोपवाला आणला. तो वाचकांना जाम आवडला.

मला तेव्हाही काही कळलं नाही. बघा, प्रेमकथा लिहिणारी बाई मी!

डिसेंबरात एक दिवस आम्ही ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "अक्का, नेवाशाकडून रोपांचा टेम्पो येतो न्हवं का आपल्याकडं... त्यांनी मला इचारलंय."

रोपवाटिकेचा मालक तो. पस्तिशीचा, शांत, बायको आजारपणात गेलेली. दोन हंगाम आमच्याकडे रोपं आणत होता. ती ट्रे मोजून घ्यायची, तो चहा घेऊन जायचा, बस्स, एवढंच मी पाहिलेलं. तिनं सांगितलं, त्यानं सरळ विचारलं आणि सरळ म्हणाला की तुमच्या घरातून निरोप आल्याशिवाय मी पुढं पाऊल टाकणार नाही. त्याची आई रथसप्तमीनंतर दुसरीकडे मुलगी बघायला जाणार होती. तोवर काय ते कळवा, म्हणाला.

"मला रडायचा कटाळा आलाय, अक्का," ती म्हणाली. "तुमी मामांशी बोलताल का? माझ्यानं तोंड उघडत न्हाई त्यांच्यापुढं. तुमी बोलला तर हुईल."

मी तिचा हात धरला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. "बोलते गं. वेळ बघून बोलते," म्हटलं.

आणि त्या क्षणी मनात काय आलं ते लिहायला मला अजून जड जातं. मनात आलं, ही गेली तर भाकरी कोण थापणार? दुसरं आलं, चार लोक काय म्हणतील. पण पहिलं भाकरीचंच आलं, खोटं कशाला बोलू.

मामांशी मी बोलले नाही. आज त्यांना सर्दी आहे, आज ऊसतोड आलीय, आज कारखान्याच्या फेऱ्या आहेत. कारणांना काय तोटा? ती रोज सकाळी माझ्याकडे बघायची, मी रोज मोबाईलकडे बघायचे. त्या दिवसांत लेखणी मात्र कशी सुटली होती म्हणून सांगू! तिनं जे जे मला ओट्यावर सांगितलं ते सगळं कादंबरीत. 'मला रडायचा कंटाळा आलाय' हे वाक्यसुद्धा, जसंच्या तसं. वाचकांनी त्यावर हृदयांचा पाऊस पाडला.

एकतिसाव्या भागात मी हळदीकुंकू लिहिलं. संक्रांतीचं. बायका ओळीनं बसल्यात, नायिका स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिची थोरली जाऊ करंडा घेऊन निघते, ओळ सोडून दारापर्यंत जाते आणि तिच्या कपाळाला कुंकू लावते. मग ओळीतली एक म्हातारी उठते आणि तिला वाण देते. मी हे तिला वाचून दाखवलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "लई चांगलं लिवलंय," एवढंच म्हणाली आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

दोन दिवसांनी आमच्याच घरी हळदीकुंकू होतं.

वस्तीवरच्या आणि गावातल्या मिळून वीसेक बायका आल्या. निम्म्याजणी माझ्या वाचक. "काय बाई रडवलंत तुम्ही!" "जाऊ असावी तर अशी!" मी आपली पदर सावरत, लाजत, मिरवत. दरवर्षी धाकटी त्या दिवशी आत चहाचं बघायची, तिळगूळ भरून द्यायची. बाहेर यायची नाही. तिला कुणी ये म्हणत नव्हतं, येऊ नको असंही कुणी म्हणत नव्हतं.

त्या दिवशी ती बाहेर आली. मोरपंखी साडी नेसली होती, लग्नातली. ओळीच्या टोकाला जागा होती तिथं मांडी घालून बसली, पदर नीट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

मी करंडा घेऊन ओळीनं येत होते. हळद, कुंकू, वाण. हळद, कुंकू, वाण. तिच्या शेजारच्या चुलत सासूबाईंना लावून झालं आणि मी तिच्यापुढं आले. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. चुलत सासूबाईंनी नुसती भुवई उचलली. एक भुवई, बाकी काही नाही. माझं बोट कुंकवात बुडवलेलं होतं.

"अगं," मी म्हटलं, "दूध ठेवलंय ना गॅसवर? बघ जरा, उतू जाईल."

ती उठली. घाईनंही नाही, रागानंही नाही. आत गेली. बायका पुन्हा बोलायला लागल्या, कुणीतरी उखाण्याचा आग्रह धरला, आणि मी उखाणा घेतला. हो, घेतला. हसत हसत घेतला.

सगळ्या गेल्यावर मी आत गेले. ती ओट्याशी उभी होती, साडी बदललेली.

"गॅसवर कायबी न्हवतं, अक्का," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, त्या सगळ्या होत्या ना... तुला माहीत आहे बायका कशा..."

"तुमी त्यो भाग वाचून दावला," ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी मलाच सांगताय. की बस म्हनून. मी लावते म्हनून."

मला चपराक बसली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता हो. ती खरंच तसं समजली होती. एवढी जवळची बाई आपल्यासमोर बसून हे वाचतीय म्हणजे तो निरोपच, असं तिनं धरलं. आणि मी? मी बसून बायकांना रडवत होते. बत्तिसाव्या भागाचा विचार करत होते.

त्याच संध्याकाळी अ‍ॅपवर एका अनोळखी बाईचा निरोप आला. तुमचा भाग वाचला आणि आज मी माझ्या विधवा वहिनीला कुंकू लावलं, घरात भांडण झालं पण लावलं, असं लिहिलं होतं. मी तो निरोप पुसून टाकला. बघवेना.

पुढचे दिवस ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली. भाकरी तशाच, "अक्का, चहा" तसंच. फक्त नवीन काय लिवलं ते विचारलं नाही. आणि रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, मामा दुपारचा चहा प्यायला ओसरीवर बसले होते, मी शेजारी तांदूळ निवडत होते, तेव्हा ती कप घेऊन आली, कप ठेवला आणि उभी राहिली.

"मामा, मला लगीन करायचंय," ती म्हणाली. एका दमात. मग रोपवाल्याचं सांगितलं, त्याच्या आईचं सांगितलं, उद्याच्या मुदतीचं सांगितलं. मी निवडून काढलेले खडे परत सुपातच टाकले. मला वाटलं, आता मामा उठतील, ओरडतील.

मामांनी कप उचललासुद्धा नाही. बाजूला सारून ठेवला. मग म्हणाले, "पोरी, तीन वर्सं मी वाट बघतोय, कुनीतरी ह्यो इषय काढंल म्हनून. मी सासरा मानूस, मी कसा काढू? तुला वाटायचं, म्हातारा घराभायेर काढतोय." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "त्याला आत्ताच्या आत्ता फोन लाव. म्हनावं, उद्या ये, आईला घिऊन ये."

म्हणजे अडसर मामा नव्हतेच कधी. दीड महिना ती ज्या दाराशी थांबली होती ते दार मीच धरून ठेवलं होतं. मामांशी एक वाक्य बोलायचं होतं मला. फक्त एक.

ती फोन आणायला वळली तेव्हा मामा म्हणाले, "एवढं मनात ठिवून बसलीस, थोरलीला तरी सांगायचंस. तिला ठावं हुतं का गं?"

मी सुपातून मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. सांग, मी मनात म्हटलं, सांगून टाक एकदाचं, मी लायकच आहे त्याला.

"न्हाई मामा," ती म्हणाली. "अक्कांना कायच म्हाईत न्हवतं."

"तेच म्हनलं," मामा म्हणाले. "तिला कळलं असतं तर ती गप बसली नसती. लई मोठ्या मनाची हाय ती."

आणि मी मान डोलावली.