एका बोटाची उंची

"घरात कोणी पुरुषमाणूस नाही का?" टायरच्या दुकानदाराने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तमिळमध्ये, अगदी आदराने, शेवटी 'अम्मा' लावून.

"आहेत की," मी म्हटलं. "पण त्यांना टायरमधलं काही कळत नाही."

तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि पंधरा वर्षं गाडी चालवत होते. ऐंशीच्या दशकात वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एका जुनाट जीपवर मला गाडी शिकवली. त्या वेळी नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मग तेच नातेवाईक स्टेशनवरून आणायला मलाच बोलावू लागले. त्यामुळे दुकानदाराच्या प्रश्नाचा मला राग आला असला तरी आश्चर्य मुळीच वाटलं नाही.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. मराठे तंजावरला आले त्या काळात आमचे पूर्वज आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. अप्पा पंचाहत्तरीचे, आणि आमच्या भजनी मंडळीचे मुख्य. जवळच्या मरुदानल्लूर गावच्या वार्षिक उत्सवात पहिलं भजन त्यांनी उचलायचं, मग बाकीच्यांनी, अशी तीस-एक वर्षांची रीत होती. अकरा माणसं, हार्मोनियम, मृदंग आणि धोतरात गुंडाळलेली कंबरभर उंचीची पितळी समई एवढं सगळं एका गाडीत कोंबून मी घेऊन जायची. गाडी उंच, डिझेलची, मागे समोरासमोर बाकं असलेली. आता अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात. नव्वदच्या दशकात आमच्याकडे तिला सगळे जीपच म्हणत.

त्या वर्षी उत्सवाच्या चार महिने आधी अप्पा न्हाणीत घसरले आणि मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. ऑपरेशन झालं. काठी घेऊन चालायला लागले, पण उजवा पाय काही केल्या वर उचलत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं, गाडीत धक्के बसता कामा नयेत. ही बातमी मरुदानल्लूरला पोचली आणि तिथल्या मंडळींचा निरोप आला. यंदा आपण विश्रांती घ्यावी, आरंभ दुसऱ्या कोणाकडून करवू, आपण आलातच तर खुर्ची ठेवू.

खुर्ची! अप्पांनी निरोप दोनदा वाचला आणि उलट टपाली कार्डावर एकच ओळ लिहून पाठवली, की मी येतो आणि आरंभ मीच करीन. माझ्या बापाचा हा गुण मला फार आवडतो. नको तिथेही तो त्यांनी दाखवला आहे, पण तेव्हा तो बरोबर जागी होता. एकदा ती जागा दुसऱ्याकडे गेली असती तर ती परत मिळाली नसती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. त्याला ही हकीकत फोनवर कळली आणि पंधरा दिवसांत लॉरी ऑफिसातून निरोप आला की आपल्या नावाने चार खोकी आली आहेत. उघडली तर आत चकाकणारी अलॉयची चाकं. आमची पंधरा इंची, ही सोळा.

"अक्का, पुण्यात असल्या गाडीला सगळे हीच लावतात," तो फोनवर म्हणाला. "मोठं चाक म्हणजे खड्डा लहान. अप्पांना काही जाणवणार नाही. टायर तेवढे तिकडे घे."

पुण्याला जाऊन त्याची मराठी सुधारली होती, असं तो म्हणतो. अक्कल होती तिथेच राहिली, असं मी म्हणते. मोठं चाक खड्ड्यात कमी आदळतं हे खरं. पण धक्का खातो तो टायर, चाक नव्हे. धातू जेवढा वाढला तेवढं रबर कमी केलं तर चाक दिसेल झकास आणि बसणाऱ्याचं हाड खिळखिळं होईल. तरीही मुलाने बापासाठी पाठवलेली वस्तू परत करायची नाही, ही आमच्या घरातली रीत. अप्पांनी चाकांना हळदकुंकू लावूनही टाकलं होतं. तेव्हा चाकं ठरली होती, आता टायर काय घ्यायचे एवढंच माझ्या हातात राहिलं होतं.

म्हणून मी त्या दुकानात उभी होते. दुकानदाराने रुंद, बुटक्या बाजूचे टायर पुढे केले. मी टायरच्या कडेला बोटं लावून मोजलं. आमच्या जुन्या टायरची बाजू नऊ बोटं होती, याची जेमतेम सात.

"याला रुबाब आहे, अम्मा. रस्त्याला चिकटून धावतो. मद्रासमध्ये हाच चालतो."

"मद्रासला रस्ते आहेत. मला कालव्याच्या काठाने मरुदानल्लूरला जायचंय."

त्याने हसून घेतलं. मग मी टायरच्या बाजूवर छापलेला वजनाचा आकडा विचारला. तो त्याने आजवर कोणाला सांगितला नसावा, कारण चष्मा शोधायला त्याला बराच वेळ लागला. शेवटी मी म्हटलं, पुढचे दोन बसवून दाखवा, माझी पूर्ण मंडळी बसवून बघते. तो म्हणाला, बघायचं काय, बसले की बसले. मी म्हटलं, रिकाम्या गाडीत सगळेच टायर बसतात.

दुसऱ्या दिवशी मी भजनी मंडळी दुकानासमोर नेली. अप्पा सोडून. आमच्याकडे नवीन चाकांखाली लिंबं चिरडल्याशिवाय वडीलधाऱ्याने गाडीत पाऊल ठेवायचं नाही, आणि लिंबं चिरडायची ती प्रवासाला निघतानाच. आता वजन तर पूर्ण हवं. म्हणून अप्पांच्या जागी, पुढच्या सीटवर, त्यांच्याच वजनाचं तांदळाचं पोतं ठेवलं. अप्पांना हे मुळीच आवडलं नाही. "मज बरा मान दिलास," ते म्हणाले, "मरुदानल्लूरचे लोक खुर्ची ठेवणार, तू तांदूळ ठेव."

मंडळी बसली, गाडी एकदम खाली बसली आणि मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून पुढे घेतली. आमच्या मंडळीची एक सवय आहे. गाडी हलली की ती गायला लागते, मग गाडी दहा पावलं जाणार असो की दहा कोस. भर बाजारात, टायरच्या दुकानासमोर, टाळ वाजायला लागले. चहा पिणारे लोक पेले घेऊन रस्त्यावर आले. आणि त्या गजरात खालून रबर घासल्याचा आवाज आला. मी ओरडले, थांबा, ऐकू द्या! पण कडवं पुरं झाल्याशिवाय थांबणारी ही माणसं नव्हेत. मी इंजिन बंद करून कडवं संपायची वाट पाहिली.

खाली वाकून पाहिलं. टायरच्या आतल्या कडेवर ताजा ओरखडा होता आणि मडगार्डच्या पत्र्याला काळं रबर लागलं होतं.

"मडगार्ड जरा ठोकून आत घेतलं की होतं," दुकानदार म्हणाला.

"टायर माझ्या गाडीला बसवायचाय, गाडी तुमच्या टायरला नाही."

बघ्यांतला एक जण हसला. दुकानदाराचा चेहरा पडला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मग मी मला काय हवं ते सांगितलं. कमी रुंदीचा, नऊ बोटं बाजूचा, अकरा खाऊनपिऊन धडधाकट माणसांचं वजन घेणारा टायर. त्याच्याकडे नव्हता. त्रिचीहून मागवावा लागेल, आठ दिवस लागतील. मी आठ दिवस थांबले. भावाने फोनवर कपाळाला हात लावला असणार. "बारीक टायर? अक्का, त्या चाकांची शोभा जाईल गं." जाऊ दे, म्हटलं.

टायर आले. मी पुन्हा असकी, म्हणजे सगळी, मंडळी नेली, पुन्हा पोतं ठेवलं, पुन्हा त्यांनी गाऊन बाजार गोळा केला. कुठेही घासलं नाही. एका चाकावर खडूची खूण करून ते जमिनीवर एक फेरा फिरवलं, टेपने मोजलं, आणि मीटरचा काटा आता किती कमी वेग दाखवेल तो हिशोब शाळेच्या वहीत करून ठेवला. पट्टीश्वरम्‌च्या खड्ड्यांच्या रस्त्यावर जाऊन आले. मागे बसलेल्या मृदंगवाल्याने सांगितलं की कोपर एकदाही आपटलं नाही. मी जिंकले होते. जुने टायर झिजलेले होते, त्यात चाक मोठं, त्यामुळे गाडी सगळी मिळून एक बोटभर उंच झाली होती. तेही मी मोजलं होतं, आणि त्याचा मला आनंदच झाला होता. पाण्यातून जायला बरी.

उत्सवाच्या दिवशी सकाळी मेलकावेरी पेठेतल्या आमच्या घरासमोर गाडी उभी केली. चार चाकांखाली चार लिंबं. मी गाडी हातभर पुढे घेतली, लिंबं फुटली, मंडळी मागे चढली. अप्पा जरीकाठी धोतर नेसून आले. काठी मला दिली, दाराची कडी धरली, उजवा पाय उचलला.

पाय पायरीच्या कडेला अडला.

त्यांनी तो खाली घेतला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच, एवढ्याशासाठी. तिसऱ्या खेपेला त्यांचा श्वास लागला. मागून दोघे जण उड्या मारून खाली आले, एकाने कमरेला हात घातला.

"मज कोणी उचलूं नोका!" अप्पा एवढ्या जोराने ओरडले की समोरच्या घरातली बाई बाहेर आली.

मग ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला होता. "तीन महिने रोज उचलला हा पाय. एवढाच उचलला होता. आज का नाही उचलत?"

मला काही कळेना. त्यांनी परसाकडे बोट दाखवलं. मी धावत गेले. विहिरीमागे, कपडे वाळत घालतो त्या कोपऱ्यात विटा रचलेल्या होत्या, वर एक फळी. शेजारी भिंतीच्या खिळ्याला सुतळीचा तुकडा टांगलेला, मधोमध गाठ मारलेली. जमिनीपासून गाठीपर्यंत आमच्या गाडीच्या पायरीची जुनी उंची. मी शाळेत गेले की अप्पा रोज तिथे उभे राहून पाय चढवायला शिकत होते. जुन्या टायरवरची उंची त्यांनी सुतळीने मोजली होती. तेवढीच त्यांनी मिळवली होती. आणि मी ती एका बोटाने वाढवून ठेवली होती.

मी सगळं मोजलं, अगदी काट्याचा हिशोबसुद्धा केला, आणि ज्याच्यासाठी मोजलं त्याच्या जागी पोतं ठेवलं. त्या विटांसमोर उभं राहून मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती आजही आठवते.

पण लाजेत उभं राहायला वेळ नव्हता, आणि खुर्चीत उचलून नेलेला माझा बाप मी त्या लोकांना दाखवणार नव्हते. मी बाहेर आले, सगळ्यांना बाजूला केलं आणि गाडी सुरू केली. आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे उंच ओटा आहे, त्याला आम्ही तिण्णै म्हणतो. आमच्या तिण्णैला आतल्या बाजूने लहान लहान पायऱ्या आहेत, अर्ध्या वितीच्या. मी गाडी आडवी घातली, शेजारणीच्या रांगोळीवरून, तिच्या शिव्या खात, आणि अप्पांच्या बाजूचं दार तिण्णैला अगदी चिकटवून थांबवलं. अप्पा आतल्या पायऱ्यांनी सावकाश वर आले, तिण्णैच्या कडेला आले, आणि समोर गाडीचा तळ होता, सरळ, पायाच्या पातळीला. एक पाऊल. बसले. धोतर नीट केलं. मंडळी गायला लागली.

वाटेत त्यांना धक्का बसला नाही. हे मला सांगायलाच हवं, कारण तेवढं श्रेय माझं होतं.

मरुदानल्लूरच्या गल्लीच्या तोंडाशी एका कार्यकर्त्याने हात आडवा केला. "उत्सवाच्या दिवशी गाडी आत नाही. त्यांच्यासाठी खुर्ची आणतो, चौघे उचलून नेतील."

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

"नियम आहे, अम्मा."

"असू द्या." मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मंडळी टाळ वाजवत खाली उतरून पुढे चालायला लागली, लोक आपोआप बाजूला सरले, आणि मी पहिल्या गिअरमध्ये गाडी घेऊन जिथे भजन होतं त्या घरासमोर थेट गेले. तिथेही तिण्णै होती. गाडी तिला चिकटवली. अप्पा उठले, एक पाऊल टाकलं आणि सगळ्या गल्लीच्या डोक्याच्या वर, काठी न धरता उभे राहिले. नवा माणूस आत आरंभाच्या जागी जाऊन बसलाच होता. तो अप्पांना पाहून उठला. अप्पांनी त्याला शेजारी बसवलं आणि सूर लावला. माझ्या चाकांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

परत येताना, कालव्याच्या काठाने, मी त्यांना म्हटलं, "अप्पा, चूक माझी. उद्याच जुनी चाकं बसवून घेते. धाकट्याला काय वाटायचं ते वाटू दे."

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"चाकं राहूं दे," ते म्हणाले. "विटांवर आणखी एक फळी ठेव."