मेलेल्यांना न मारण्याचे दहा दिवस

संध्याकाळी मी कंप्युटरसमोर बसले की आई माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेते. कॉलेजात पोरांना पदार्थविज्ञान शिकवणारी, तिशी ओलांडलेली बाई "पाय धरला माझा, मारा की रं कुणीतरी" म्हणून ओरडायला लागली की बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या गल्लीत माणसं थांबून वर बघतात. एकदा समोरच्या काकू खरोखरच धावत आल्या होत्या. "न्हाय ओ, खेळायलीय ती," असं आईनं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेले नाही.

खेळ तसा साधा. एक ओसाड शहर, त्यात उठून चालणारी मढी, आणि त्यांच्यातून वाट काढत शेवटी एका ट्रकपर्यंत पोचायचं. जग त्यांना झॉम्बी म्हणतं, आमच्यात पहिल्या दिवसापासून ती मढीच. ह्या खेळात कुणी पडलं तर ते आपलं आपण उठू शकत नाही. दुसऱ्यानं जवळ जाऊन, बटण दाबून धरून त्याला उठवावं लागतं, आणि तेवढा वेळ उठवणाऱ्याची पाठ उघडी राहते. मला हा खेळ आवडतो तो ह्या एका गोष्टीसाठी. गोळ्या काय, कुणीही झाडेल.

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र, आपापल्या घरून इंटरनेटवर एकत्र खेळतो. एक हिंडलग्याचा, सध्या बेंगळुरात नोकरीला. अंगात बळ कमी आणि आरडाओरडा जास्त. दुसरा निपाणीचा, जैन, घरचा तंबाखूचा व्यापार, बोलणं मोजकं. चौथा खेळाडू कंप्युटरचा असतो, आणि आमच्यात सगळ्यात शहाणा तोच, कारण तो तोंड उघडत नाही. ह्याशिवाय निपाणीकराच्या शेजारी खुर्ची टाकून त्याचे आप्पा बसतात. ते खेळत नाहीत, नुसते बघतात. पण नुसतं बघणाऱ्या माणसाला एवढं बोलायचं असतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांना आमचं ऐकू यावं म्हणून पोरगा हेडफोन न लावता स्पीकर लावतो. रंगात आले की आप्पा कानडीत शिरतात. "हिंद नोड! हिंद नोड!" म्हणजे मागं बघ. आता आम्ही तिघंही मागं बघायचं झालं की हेच ओरडतो.

आप्पा असे खुर्ची टाकून बसायला लागले ते उन्हाळ्यापासून. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन बेळगावात झालं. निपाणीहून रोज जेवण आणणं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी डबा न्यायचे. ही मंडळी दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे कॉलेज सुटलं की मी घरी पळायची आणि कांदा, लसूण, बटाटा सगळं वगळून आईनं केलेला डबा घेऊन दवाखान्यात पोचायची. ऑपरेशनच्या दिवशी निपाणीकर बाहेरच्या बाकावर बसला होता. डबा तसाच मांडीवर. मी शेजारी बसले तसा म्हणाला, "नियम घेतलाय मी. ह्यातनं आप्पा बाहेर आले तर यंदा दशलक्षणाचे दहा दिवस कुठल्या जिवाला मारायचं न्हाय."

"तू तसा कधी मुंगी तरी मारतोस व्हय रं?"

"खेळतो की आपण."

मला हसू आलं. दवाखान्यात हसू नये तिथं मी हसले. "अरे, ती मेलेलीच असत्यात!"

"असू देत. मी मारतो ते जित्ती समजूनच मारतो न्हवं?"

मी चिडले. मुळात मला असल्या नियमांचा, नवसांचा रागच आहे. आत डॉक्टर घाम गाळायलेत आणि बाहेर हा पडद्यावरच्या मढ्यांना अभय देतोय! पण डब्याचं झाकण त्याला उघडता येत नव्हतं. मी झाकण उघडून दिलं.

"आप्पांस्नी कळता कामा न्हाय," तो म्हणाला. "कायतरी मागून नियम घ्यायचा नसतो म्हणत्यात ते. नियम म्हंजी सौदा न्हवं म्हणत्यात. वर माझ्यापायी सोडलंस म्हणून झुरत बसतील."

आप्पा बाहेर आले. महिन्याभरात घरी गेले. डॉक्टरांनी वखारीत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि आयुष्यभर तंबाखूच्या बोदांमध्ये, त्या गच्च बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये, उभा राहिलेला माणूस घरात भिंती बघत बसला. संध्याकाळचा आमचा खेळ हा त्यांचा सगळा विरंगुळा झाला.

भाद्रपदात गणपती आले. हिंडलगेकर रजा काढून घरी आला आणि यंदा ट्रक गाठायचाच म्हणून हट्टाला पेटला. पंचमीला दशलक्षण, म्हणजे जैनांचं अनंत चौदशीपर्यंत चालणारं दहा दिवसांचं पर्व, सुरू झालं. निपाणीकरानं खेळायचंच बंद केलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण मग आप्पांनी संध्याकाळभर करायचं काय? आणि का बंद केलंस म्हणून त्यांनी खोदून काढलं असतं ते वेगळंच. तेव्हा तो सूर्यास्ताच्या आत जेवून रोजच्यासारखा बसायचा आणि एकही गोळी न उडवता खेळायचा. आमच्या जखमांना पट्ट्या बांधायचा, पुढे होऊन दारं उघडायचा, आम्ही पडलो की उठवायचा.

"गोळ्या काय घरात लोणचं घालायला ठिवल्यास व्हय रं?" हिंडलगेकर करवादायचा. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"तू मार. मी पट्टी बांधतो."

"असू दे की. एक डॉक्टर लागतोच," मी मध्ये पडायची. आणि आम्ही रोज ट्रकपाशी जाऊन हरायचो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र जमत आलं होतं. मंडळाच्या स्पीकरमुळे मी खिडक्या लावून घेतल्या होत्या, घामानं निथळत होते. हिंडलगेकर ट्रकवर चढलासुद्धा. कंप्युटरचा गडी मागेच मेला होता. आम्ही दोघं पोचलो की जिंकलो, आणि ट्रकच्या अलीकडे मी पडले. एक मढं माझ्या छातीवर येऊन बसलं. निपाणीकर त्याच्या अगदी समोर, भरलेली बंदूक हातात.

"मार!" आप्पा ओरडले. "मार रं! डोस्क्यात घाल त्येच्या!"

हिंडलगेकर तर बोंबलतच होता. मला सगळं माहीत होतं, तरी माझ्याही तोंडातून तेच निघणार होतं. मी ओठ दाबून धरले. त्यानं बंदूक खाली केली, मढ्याला वळसा घालून माझ्याजवळ आला आणि बटण दाबून धरलं. मागून आणखी चार आली. मी अर्धवट उठले असेन नसेन, दोघंही संपलो. पडदा लाल झाला.

"काय रं हे?" आप्पांचा आवाज. "म्होरं बसलं हुतं की. आंधळ्यानं मारलं असतं."

"चुकलं, आप्पा."

"चुकलं न्हाय. मी बघायलोय. पंचमीपास्नं तू एक गोळी..." आणि ते मध्येच थांबले.

मग त्यांनी मला हाक मारली. "पोरी, हायस का?"

"हाय, आप्पा."

"दवाखान्यात तू येत हुतीस. ह्यो कायतरी बोलला असंल तुला."

मी वर्गात साठ पोरांना गप्प करते. त्या वेळी मला धड खोटं बोलता आलं नाही. "नेट अडकलं असंल, आप्पा," मी म्हणाले. ते आप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"नियम म्हंजी सौदा न्हवं, किती येळा सांगितलंय तुला?" ते पोराला म्हणाले. "माझ्यापायी केलास व्हय?"

स्पीकरमधून नुसता माउस सरकवल्याचा आवाज आला. "कसला नियम?" म्हणून हिंडलगेकरानं विचारलं आणि त्याचं त्यालाच काहीतरी कळलं असावं, कारण लगेच हळू आवाजात "अस्सं" म्हणाला. मला रडू आलं. कॅमेरा बंद असतो हे बरं असतं. असल्या नियमांवरचा माझा राग काही गेला नव्हता, पण माझ्यासाठी कुणी एवढं हरेल का, हा विचार मनात आला तो हटेना.

आप्पा म्हणाले, "आन मी हितं बसून मार मार म्हणून वरडायलोय. दशलक्षणात! तुझा नियम ऱ्हायला बाजूला, पाप माझ्याच तोंडाला लागलं की." मग विचारलं, "चौदस कवा हाय?"

"अजून लई दिस हाईत, आप्पा."

"मग तंवर हरू. हिंडलगेकर, ऐकलंस न्हवं? चौदशीपत्तोर हरायचं." खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "लाव परत. आन ही पोरगी पडली की आधी उचल तिला."